अर्धविश्वासू प्रोग्रॅमचे बंदिस्तीकरण : युनिक्स परंपरेचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :

परक्याने लिहिलेला प्रोग्रॅम आपल्या संगणकावर चालविताना त्याला किती मोकळीक द्यावी, हा प्रश्न संगणकशास्त्रात जुना आहे. बेल लॅबोरेटरीजमध्ये आकारास आलेल्या युनिक्सने एका वापरकर्त्याचे दुसऱ्यापासून रक्षण केले. परंतु वापरकर्त्याने स्वतः सुरू केलेल्या प्रोग्रॅमला त्याचे सर्व अधिकार आपोआप मिळत. विद्यार्थ्याचा प्रोग्रॅम प्राध्यापकाने तपासणीसाठी आपल्या खात्यावरून चालविला, तर तो तेथील प्रश्नपत्रिकाही वाचू शकतो. या धोक्याची जाणीव विद्वानांना नव्हती असे नाही. बटलर लॅम्पसन यांनी १९७३ मध्ये बंदिस्तीकरणाची समस्या मांडली, तर सॉल्टझर व श्रोडर यांनी १९७५ मध्ये किमान अधिकाराचे तत्त्व विशद केले. व्यवहारात मात्र ते उतरण्यास फार काळ लागला.

विषय विवेचन :

१९७९ च्या सातव्या आवृत्तीत 'सीएचरूट' हा सिस्टिम कॉल आला. त्यायोगे प्रोग्रॅमच्या दृष्टीने फाइलव्यवस्थेचे मूळच बदलते. १९९१ मध्ये बेल लॅबोरेटरीजमधील बिल चेसविक यांनी याच साधनाने एका घुसखोरासाठी 'तुरुंग' उभारला, त्याला खोटी परवलीची फाइल पुरविली आणि त्याच्या हालचालींचे निरीक्षण केले. तथापि सीएचरूट सुरक्षेसाठी घडविलेले नव्हते. मुख्य प्रशासकाचे अधिकार असलेला प्रोग्रॅम त्यातून सहज निसटतो आणि जाळ्यावरील संपर्कास तर त्यात कसलीच आडकाठी नाही. पौल-हेनिंग काम्प व रॉबर्ट वॉटसन यांचे 'जेल' हे साधन २००० मध्ये फ्रीबीएसडी ४.० सोबत आले, तेव्हा प्रशासकाच्या अधिकारांनाच मर्यादा पडली.

दुसरा मार्ग पहारेकऱ्याचा होता. बर्कले विद्यापीठातील गोल्डबर्ग, वॅग्नर, थॉमस व ब्रूअर यांनी १९९६ मध्ये 'जेनस' सादर केले. घोस्टस्क्रिप्टसारख्या प्रोग्रॅमचा प्रत्येक महत्त्वाचा सिस्टिम कॉल अडवून तपासायचा, अशी ही योजना. निवड मार्मिक होती, कारण पोस्टस्क्रिप्ट दस्तऐवज हा वस्तुतः एक प्रोग्रॅमच असतो. याच विचाराचे 'सिस्ट्रेस' पुढे बरेच वापरले गेले. परंतु २००७ मध्ये वॉटसन यांनी या पद्धतीचे मर्मच उघड केले. पहारेकरी स्मृतीतील फाइलचे नाव वाचून परवानगी देतो. कर्नल तेच नाव पुन्हा वाचण्यापूर्वी प्रोग्रॅमचा दुसरा धागा ते बदलतो. तपासलेली चिठ्ठी एक आणि पोहोचलेली दुसरी! ओपनबीएसडीने २०१६ मध्ये सिस्ट्रेस काढून टाकले.

लिनक्समधील 'सेककॉम्प'चा उगम व्यापारी होता. संगणकाची रिकामी गणनशक्ती भाड्याने देता यावी, म्हणून आंद्रेआ आर्कांजेली यांनी ते रचले. २००५ च्या मूळ रूपात वाचणे, लिहिणे, बाहेर पडणे आणि संकेत हाताळून परतणे एवढ्याच क्रियांना मुभा होती. शुद्ध गणनेस ते पुरेसे, पण नेहमीच्या प्रोग्रॅमला निरुपयोगी. २०१२ मध्ये लिनक्स ३.५ सोबत नियम लिहिण्याची सोय आली. मात्र हे नियम कॉलचा क्रमांक व सोबतचे आकडे पाहतात, स्मृतीतील नाव वाचत नाहीत. चिठ्ठी बदलण्याची युक्ती येथे जाणीवपूर्वक टाळलेली दिसते. त्याची किंमत अशी की, अमुक फाइल वाचू द्यावी व तमुक नको, हे त्यात सांगताच येत नाही.

केंब्रिज विद्यापीठात वॉटसन व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये मांडलेल्या 'कॅप्सिकम'ने दिशा उलट केली. प्रोग्रॅमने आवश्यक फाइल आधी उघडाव्यात आणि मग उर्वरित अधिकार स्वतःच सोडावेत. 'टीसीपीडम्प'ला मोजक्या ओळी पुरल्या. पण तो पत्त्यांची नावे शोधण्यासाठी फाइलव्यवस्थेकडे गुपचूप जात असे, हे बंदिवासातच ध्यानात आले. ओपनबीएसडीचे 'प्लेज' (२०१६) व 'अनव्हेल' (२०१८) याच वळणाचे आहेत. २०२१ मध्ये लिनक्स ५.१३ मधील 'लँडलॉक'मुळे सामान्य वापरकर्त्याच्या प्रोग्रॅमलाही, प्रशासकाच्या अनुमतीवाचून, आपली फाइलव्यवस्थेतील कक्षा आखून घेता येऊ लागली. अर्थात ही शिस्त प्रोग्रॅमच्या लेखकाने स्वीकारली तरच. अन्यथा चालविणाऱ्याने बाहेरून 'बबलरॅप'सारखे वेष्टन घालावे लागते.