जपानी मेपल बोन्साय: कोणती फांदी कधी कापायची?

बोन्सायच्या छाटणीत ‘अन्डू’ नसतं. म्हणून कात्री उचलण्याआधी हे झाड कसं वाढतं ते समजून घेऊया.

मेपलची पानं आणि डोळे समोरासमोर, जोडीने येतात. शेंड्यात तयार होणारं ऑक्सिन हे संप्रेरक खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतं. शेंडा काढला की ते दोन्ही फुटतात आणि एका फांदीच्या दोन होतात.

जपानमधल्या ऋतूंप्रमाणे कामं अशी:

• वसंत: पानांची पहिली जोडी उघडताच मधला कोवळा शेंडा खुडा.
• उन्हाळ्याची सुरुवात: झाड सशक्त असेल तरच पानं काढा. नवी पानं लहान येतात. त्याच वर्षी कुंडी बदलली असेल तर हे टाळा.
• पानगळीनंतर: एकाच जागेतून तीन-चार फांद्या निघत असतील तर दोनच ठेवा, नाहीतर तिथे गाठ फुगते. मोठ्या जखमेवर कट पेस्ट लावा. हिवाळ्याच्या शेवटी रस चढू लागतो, तेव्हा जाड फांदी कापली तर तो गळत राहतो.
• तार: साल पातळ असते, वळ लवकर उठतो. वाढीच्या दिवसांत दर आठवड्याला तपासा.

फोन इथे कामाला येतो. पानगळीनंतर समोरून फोटो काढा, नको असलेली फांदी एडिटरमध्ये पुसा आणि दोन दिवसांनी पुन्हा बघा. तरीही पटलं तरच कापा.

मेपलला हिवाळ्यात थंड विश्रांती लागते. मुंबईत ती मिळत नाही, त्यामुळे तिथे फायकस बरं. पण फायकसची पानं एकाआड एक येतात, म्हणून जोडीचा हा नियम त्याला लावू नका.