भेदिकाचे वारसदार : कथेतील गुप्तार्थ आणि आस्वादकाचा तर्क

सांगितलेल्या कथेच्या पोटात न सांगितलेली दुसरी एक कथा दडलेली असते आणि ती हुडकून काढणे हे ऐकणाऱ्याचे काम असते, ही समजूत मराठी वाङ्मयव्यवहाराला नवी नाही. तरीही कथाप्रधान व्हिडिओ गेमच्या चाहत्यांनी गेल्या पंचवीस वर्षांत खेळांतील रहस्यांविषयी तर्कांचे जे भांडार उभे केले आहे, त्याकडे पाहताना ते सर्वस्वी अपूर्व आणि वाङ्मयबाह्य आहे असे धरून चालण्याची प्रवृत्ती दिसते. एका बाजूला त्याला तंत्रज्ञानाने जन्माला घातलेले नवल म्हटले जाते, तर दुसऱ्या बाजूला रिकामटेकड्यांचा विरंगुळा. या दोन्ही भूमिकांमागे एकच विस्मृती आहे. गुप्तार्थाचा तर्क हा एक जुना, नियमबद्ध आणि सार्वजनिक वाङ्मयप्रकार आहे, याची ती विस्मृती होय. त्या प्रकाराचा एक ठळक आविष्कार मराठीत कलगी-तुऱ्याच्या भेदिक शाहिरीत झाला. त्याच्या उजेडात या नव्या तर्कांकडे पाहिले म्हणजे त्यांत जुने किती आणि खरोखर नवे किती, हे ठरविता येते.

१

गोंदियाजवळचे बिरसी हे गाव आज विमानतळामुळे ओळखले जाते. तेथील धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी बांधली. मात्र ज्या मुलखात हे गाव वसले आहे त्याची सांस्कृतिक ओळख याहून जुनी आहे. वैनगंगेच्या खोऱ्यातील हा धानाचा प्रदेश. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा, उरलेला भंडारा आणि लगतचे चंद्रपूर-गडचिरोलीचे भाग मिळून जी झाडीपट्टी होते, तिच्यात दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते आणि मंडईच्या रात्री दंडार, नाटक व खडी गंमत रंगते. खडी गंमत म्हणजे उभ्याने सादर होणारा, तमाशाशी नाते सांगणारा या भागाचा लोकनाट्यप्रकार. त्यात दोन शाहीर समोरासमोर येतात, तेव्हा कलगी आणि तुरा या जुन्या पक्षभेदाचा वारसा जागा होतो. हा भेद केवळ झाडीपट्टीचा नव्हे. उत्तर पेशवाईत तो देशावर भरास आला, कोकणात जाखडीच्या नाचात ‘शक्ती-तुरा’ या नावाने आजही नांदतो, आणि माळवा-राजस्थानातही त्याचे भाईबंद आहेत.

सर्वसाधारणपणे तुरेवाले पुरुषतत्त्वाला श्रेष्ठ मानतात आणि कलगीवाले शक्तीला. परंतु या मतभेदापेक्षा महत्त्वाची आहे ती तो मांडण्याची रीत. एका पक्षाने पुराणकथेतील एखाद्या अनुत्तरित जागेवर बोट ठेवायचे आणि दुसऱ्याने ती जागा भरून दाखवायची. सृष्टीपूर्वी कोण होते? अमुक देवतेची माता कोण? कथेत आलेल्या अमुक संख्येचा रोख कोणत्या तत्त्वांवर आहे? कथा तर सर्वांच्या परिचयाची असते. प्रश्न मात्र असा असतो की, परिचितपणाचे कवच फुटावे. भेद करणारे ते भेदिक, ही व्युत्पत्ती या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. एकनाथांच्या भारुडांपासून राम जोशी यांच्या कूट रचनांपर्यंत उलट्या, गूढ आणि द्व्यर्थी कथनाची जी परंपरा मराठीत आहे, तिला भेदिकाने स्पर्धेचे रूप दिले. कोडे आता एकट्या श्रोत्याला घातलेले राहिले नाही. ते प्रतिपक्षाला घातले गेले, आणि सभेने त्याचा निवाडा करायचा होता.

या निवाड्याचे संकेत तीन होते. पहिला आधाराचा. उत्तर कितीही चमत्कृतिपूर्ण असले तरी त्याला पुराणाचा किंवा तत्त्वविचाराचा दाखला लागे. दुसरा प्रतिपक्षाचा. प्रत्येक तर्क तो खोडून काढण्यासच उभ्या असलेल्या माणसापुढे मांडला जाई. तिसरा संकेत सर्वांत मोलाचा आहे. सवाल टाकणाऱ्याला त्याचा जवाब ठाऊक असला पाहिजे. समोरचा निरुत्तर झाला तर उकल करून देण्याची जबाबदारी विचारणाऱ्यावर येते. ज्याला स्वतःच्या प्रश्नाचे उत्तर नाही, तो शाहीर जिंकला असे सभा मानीत नाही. थोडक्यात, भेदिकात रहस्य हे एक ऋण असते. ते निर्माण करणाऱ्याने फेडण्याची हमी घेतलेली असते.

२

आता व्हिडिओ गेमकडे वळता येईल. जपानी रचनाकार फुमितो उएदा यांचा ‘शॅडो ऑफ द कोलॉसस’ हा खेळ २००५ साली प्रसिद्ध झाला. मृत तरुणीला पुन्हा जिवंत करण्याच्या आशेने वांडर नावाचा तरुण एका निषिद्ध प्रदेशात येतो आणि एका अदृश्य वाणीच्या आज्ञेवरून सोळा महाकाय प्राण्यांना ठार मारतो, एवढेच त्याचे कथानक. प्रदेश मात्र अफाट आहे आणि बराचसा रिकामा. आरंभी अठ्ठेचाळीस महाकाय योजले होते, पुढे चोवीस आणि अखेर सोळाच ठेवले गेले, ही माहिती बाहेर आल्यावर त्या रिकामेपणाला अर्थ चिकटू लागला. सतरावा कोठेतरी असलाच पाहिजे, या श्रद्धेने खेळाडूंनी वर्षानुवर्षे कडेकपारी धुंडाळल्या, देवळाच्या माथ्यावरील बागेत पोहोचण्याचे दुर्घट मार्ग काढले आणि शेवटी खेळाची आज्ञावलीही उलगडून पाहिली. सतरावा मिळाला नाही. परंतु २०१८ साली ब्लूपॉइंट या दुसऱ्याच संस्थेने हा खेळ नव्याने बांधला, तेव्हा त्यात एकोणऐंशी चमकती नाणी विखरून ठेवली; ती सर्व गोळा केली की बंद दार उघडते आणि एक तलवार हाती येते. मूळ संहितेत नसलेले रहस्य शोधणाऱ्यांच्या निष्ठेला मिळालेली ही दाद होती.

दुसरे उदाहरण २०१२ मधील ‘मास इफेक्ट ३’ या खेळाचे आहे. तीन भागांच्या या अंतराळकथेत खेळाडूने घेतलेल्या असंख्य निर्णयांचा परिणाम शेवटावर होईल, अशी अपेक्षा निर्माण झाली होती. प्रत्यक्षात अखेरीस तीन पर्याय समोर आले आणि त्यांची दृश्ये परस्परांशी बरीच मिळतीजुळती निघाली. वाचकवर्ग म्हणावा असा मोठा समुदाय संतापला. त्याच वेळी काहींनी असा तर्क मांडला की, अखेरचा प्रसंग खरा नसून तो नायक शेपर्डच्या मनावर शत्रूने घातलेल्या भुरळीचा भास आहे. पुरावे बारकाईने जमविलेले होते. आरंभी दिसणाऱ्या लहान मुलाशी शेपर्डखेरीज कोणीच बोलत नाही. स्वप्नांत काळ्या सावल्या आणि कुजबूज आहे. तीनपैकी एकाच शेवटानंतर ढिगाऱ्यात श्वास घेणारी एक आकृती क्षणभर दिसते. जून २०१२ मध्ये निर्मात्यांनी विस्तारित शेवट विनामूल्य उपलब्ध करून दिला. त्यात शेवटाचे अधिक स्पष्टीकरण होते. भुरळीच्या तर्काला मान्यता मात्र नव्हती.

पूर्वमीमांसेच्या परंपरेत तात्पर्यनिर्णयाची सहा गमके सांगितली आहेत : उपक्रम-उपसंहाराची एकवाक्यता, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ती. भुरळीचा तर्क मांडणाऱ्यांना ही नावे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. परंतु आरंभीच्या मुलाशी शेवटाचा सांधा जोडणे हे उपक्रमोपसंहाराचे, स्वप्नदृश्यांच्या पुनरावृत्तीवर भर देणे हे अभ्यासाचे आणि भासाच्या नियमाने सर्व विसंगती सुसंगत करणे हे उपपत्तीचेच काम होते. अर्थनिर्णयनाच्या शिस्तीचा येथे अभाव नाही. उलट ती शिस्त संहितेला पेलवेल त्याहून अधिक आहे.

येथे गुप्तार्थाच्या तर्काचे एक वैशिष्ट्य ध्यानात येते. असा तर्क संहितेच्या खोलीतून जन्मतो असे सामान्यतः मानले जाते. पुष्कळदा तो तिच्या उणिवेतून जन्मतो. आवडत्या कथेचा शेवट फसला हे मान्य करण्यापेक्षा तो शेवट खोटा आहे असे सिद्ध करणे आस्वादकाला सुसह्य वाटते. भेदिकातही हेच घडत होते. दोन पुराणे एकाच देवतेचा जन्म दोन तऱ्हांनी सांगतात, तेव्हा शाहीर त्यांतील एक खोटे असे म्हणत नाही. दोन्ही खरी ठरतील असा तिसरा, आतला अर्थ तो काढतो. तर्क हा अशा वेळी संहितेवर केलेला उपकार असतो. विद्यापीठीय समीक्षेने अभिजात ग्रंथांतील विसंगतींना ‘अनेकार्थता’ म्हणून गौरवावे आणि खेळाडूंच्या याच कृतीला भाबडेपणा म्हणावे, यात पंक्तिप्रपंच आहे. फ्रँक कर्मोड यांनी ‘द जेनेसिस ऑफ सीक्रेसी’ (१९७९) या ग्रंथात मार्कच्या शुभवर्तमानाच्या निमित्ताने जे दाखविले ते असे : कथनात गूढता असतेच, आणि ते जाणणारे ‘आतले’ व न जाणणारे ‘बाहेरचे’ अशी विभागणी करण्याची हौस भाष्यकारांच्या व्यवसायातच मुरलेली आहे.

३

मग नवे ते काय? साम्यांवर थांबले तर परंपरेचा अभिमान सुखावतो, पण इतिहास लिहिला जात नाही. भेदिकाच्या तीन संकेतांशी ताडून पाहिले असता फरक स्पष्ट होतो.

आधाराचा संकेत टिकला आहे, किंबहुना कडक झाला आहे. ‘डार्क सोल्स’ (२०११) या खेळात कथा प्रायः सांगितलीच जात नाही. सापडणाऱ्या शस्त्रांच्या आणि अंगठ्यांच्या वर्णनांतून ती तुकड्यातुकड्यांनी जुळवावी लागते. त्याचे रचनाकार हिदेताका मियाझाकी यांनी मुलाखतींत सांगितले आहे की, लहानपणी परभाषेतील पुस्तके वाचताना न कळलेल्या जागा ते स्वतःच्या कल्पनेने भरून काढीत. वोल्फगांग इझर यांनी ज्यांना संहितेतील रिक्त जागा म्हटले, त्या येथे बांधणीचे मुख्य तत्त्व बनल्या आहेत. आणि कीर्तनातील संस्कृत वचन अर्धे कळून उरलेले मनाने पुरे करणाऱ्या श्रोत्यालाही ही अवस्था अनोळखी वाटणार नाही.

प्रतिपक्षाचा संकेत मात्र सैल झाला. तुरेवाल्याला कलगीवाला टाळता येत नव्हता. त्याच रात्री, त्याच सभेपुढे उत्तर द्यावे लागे. आज एक तर्क पटला नाही तर दुसरा निवडता येतो. विरोधी मतांना एकमेकांसमोर उभे राहण्याची सक्ती उरलेली नाही. त्यामुळे तर्क हरत नाहीत, नुसते साचत जातात. अन्वयार्थाला मर्यादा असतात, हे उंबर्तो एको यांनी १९९० साली आग्रहाने मांडले. परंतु मर्यादा केवळ संहिता घालीत नाही. हरण्याची शक्यता असलेली सभाही ती घालते.

सर्वांत मोठा बदल तिसऱ्या संकेतात आहे. पुराणांचा कर्ता कधीच सभेत नसे. म्हणून जवाबाची हमी प्रश्न विचारणाऱ्या शाहिराने घेतलेली असे. खेळाचा निर्माता मात्र हयात असतो, तो बोलू शकतो, आणि खेळ प्रसिद्ध झाल्यावरही संहिता बदलू शकतो. त्याने सवाल टाकला आहे असे खेळाडू धरून चालतो. त्याला जवाब ठाऊक आहे, याची मात्र कोणतीच हमी नसते. ‘शॅडो ऑफ द कोलॉसस’चे ऋण मूळ कर्त्याने काढलेच नव्हते, ते तेरा वर्षांनी दुसऱ्यानेच फेडले. ‘मास इफेक्ट ३’मध्ये संतापलेल्या आस्वादकांना दुरुस्ती मिळाली, परंतु त्यातल्या तर्ककर्त्यांचे स्थान भाष्यकाराचे न राहता अर्जदाराचे झाले. अर्थ सिद्ध करणे आणि अर्थाची मागणी करणे यांतील सीमारेषा येथे पुसली जाते. बाजारात ग्राहकाची मर्जी मोलाची असते. त्यामुळे पुष्कळांनी केलेला तर्क संहितेत उतरण्याची शक्यता वाढते, आणि रहस्य मुद्दाम अर्धवट ठेवण्याचा मोहही बळावतो. ज्या सवालाला जवाब नाही तो टाकणारा शाहीर सभेत हरत असे. आज तो जिंकू शकतो.

पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा ‘राजी’ हा खेळ २०२० साली आला. हरवलेल्या भावाला शोधणाऱ्या मुलीची ही कथा दुर्गा आणि विष्णू यांच्या निवेदनातून उलगडते. शक्तीने आणि पुरुषदेवतेने एकच कथा वरून पाहावी व तिच्यावर बोलावे, ही योजना कलगी-तुऱ्याच्या श्रोत्याला लगेच ओळखीची वाटावी. पुराणसामग्री नव्या माध्यमात उतरताना तिच्याबरोबर सवाल-जवाबाची नीतीही उतरेल काय, हा प्रश्न आता परदेशापुरता राहिलेला नाही.

४

मराठी वाङ्मयाचा इतिहास बहुतांशी कर्त्यांचा आणि कृतींचा इतिहास आहे. ऐकणाऱ्याने कथेचे काय केले, याची नोंद त्यात क्वचितच आढळते. भेदिक शाहिरी लोकसाहित्याच्या प्रकरणात जाते, तेथे तिच्या चालींची आणि वाद्यांची दखल घेतली जाते. अर्थनिर्णयनाची पद्धती म्हणून तिचा विचार होत नाही. खेळांविषयीचे तर्क तर कोणत्याच प्रकरणात जात नाहीत. दोन्ही सामग्री नाशवंत आहे. शाहिरांच्या हस्तलिखित चोपड्या घराघरांत कसरीला बळी पडतात. चाहत्यांचे लेखन ज्या यंत्रणांवर साठते, त्या बंद पडल्या की ते एका दिवसात नाहीसे होते.

वाचकानुवर्ती समीक्षेच्या परिभाषा मराठीत येऊन आता बराच काळ लोटला आहे. त्यांचे उपयोजन मात्र बहुधा समीक्षकाच्या स्वतःच्या वाचनावरच झाले. प्रत्यक्ष आस्वादक कसा तर्क करतो, कोणता पुरावा मान्य करतो, केव्हा माघार घेतो, हे पाहण्यासाठी झाडीपट्टीतील मंडईची रात्र हे जितके योग्य स्थळ आहे, तितकेच एखाद्या खेळाच्या रिकाम्या पठारावर सतरावा महाकाय शोधणाऱ्यांचे निष्फळ टिपणही आहे. त्यांतील पहिले समोर ठेवूनच दुसऱ्याला एक प्रश्न विचारता येतो, आणि तो प्रत्येक भाष्यकारालाही लागू आहे : जो सवाल टाकला जात आहे, त्याचा जवाब देण्याची हमी कोणी घेतली आहे?