पाताळगंगेत काय मिसळतंय? माशाचं यकृत काय सांगू शकतं?

पावसाळ्याचा पहिला जोराचा पाऊस झाला की खालापूर-कर्जतच्या ओढ्यांमध्ये मासे प्रवाहाच्या उलटे चढायला लागतात. यालाच वलगण म्हणतात. वाड्यापाड्यांतले लोक जाळी घेऊन पाण्यात उतरतात आणि घरोघरी नदीच्या माशांचं कालवण शिजतं. पण याच भागातली पाताळगंगा खोपोली आणि रसायनीच्या कारखान्यांजवळून वाहते. मुंबई-पुणे महामार्गावरचं तेल आणि धुराची काजळीही पावसाबरोबर ओढ्यांत उतरते. मग माशाच्या अंगात काय गेलंय, हे कळणार कसं?

बाटलीभर पाणी पुरेसं का नाही?

प्रदूषण नियंत्रण मंडळ नदीच्या पाण्याचे नमुने घेतं. त्यातून विरघळलेला ऑक्सिजन, सांडपाण्याचा भार वगैरे गोष्टी कळतात. पण तो त्या क्षणाचा हिशोब असतो. त्यात पाताळगंगेची गंमत अशी की तिचं पाणी तासातासाला बदलतं. खोपोलीचं वीजगृह १९१५ पासून लोणावळ्याकडच्या तलावांचं पाणी वापरून वीज बनवतं आणि ते खाली नदीत सोडतं. (कर्जत तालुक्यात भिवपुरीचं वीजगृह हेच करतं.) विजेची मागणी वाढली की जास्त पाणी येतं आणि घाण पातळ होते. सकाळची बाटली आणि संध्याकाळची बाटली वेगळं बोलू शकते.

मासा मात्र चोवीस तास तिथेच असतो.

यकृतातला साक्षीदार

माशाच्या यकृतात सीवायपी१ए नावाचं एन्झाइम असतं. शरीरात आलेली विषारी रसायनं बाहेर टाकण्याजोगी करणं हे त्याचं काम. स्वच्छ पाण्यातल्या माशात ते अगदी थोडं असतं. पण तेल, धूर, डांबर यांतली काही रसायनं किंवा डायॉक्सिन अंगात गेली की यकृत ते भराभर बनवू लागतं. गंमत म्हणजे हा सफाई कामगार कधीकधी घातही करतो. धुरातल्या बेंझोपायरीनची मोडतोड करताना डीएनएला चिकटणारा पदार्थ तयार होण्यात त्याचाच हात असतो.

हे एन्झाइम शोधायला लागते अँटीबॉडी, म्हणजे नेमक्या एकाच प्रथिनाला चिकटणारा रेणू. एकाच साच्यातल्या अशा अँटीबॉडी हव्या तेवढ्या बनवण्याची पद्धत कोहलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये दाखवली, त्यासाठी १९८४ चं नोबेलही मिळालं. पुढे १९८६ मध्ये अमेरिकेतल्या वूड्स होलच्या जॉन स्टेगमन यांनी सहकाऱ्यांसोबत स्कप या समुद्री माशाच्या एन्झाइमवर उंदरांपासून अँटीबॉडी मिळवल्या. त्यातली '१-१२-३' ही इतर अनेक जातींच्या माशांमध्येही चालते, कारण या प्रथिनाचा तो भाग बहुतेक माशांत सारखाच आहे. मरळ किंवा शिवड्यासारख्या आपल्याकडच्या माशावर वापरण्याआधी मात्र ती तिथे चिकटते का, हे तपासून घ्यावं लागतं.

प्रयोगशाळेत यकृतातली प्रथिनं जेलवर आकाराप्रमाणे वेगळी करतात, पडद्यासारख्या कागदावर उतरवतात आणि त्यावर अँटीबॉडी सोडतात. ती चिकटली तिथे पट्टी उमटते. कोविडच्या रॅपिड किटवरची रेघही अँटीबॉडीमुळेच उमटायची. पट्टी जितकी गडद, तितकं एन्झाइम जास्त.

अलास्कात १९८९ मध्ये एक्सॉन वाल्डेझ जहाजातून तेल सांडलं. पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसू लागल्यावरही तिथल्या बदकांमध्ये या एन्झाइमची पातळी जवळपास वीस वर्षं जास्त आढळत होती.

पट्टी काय सांगत नाही?

नेमकं कोणतं रसायन, कोणाच्या नळीतून आलं, हे ती सांगत नाही. शिसं, पारा यांसारख्या धातूंसाठी ही चाचणीच नाही. अंडी धरलेल्या मादीत एन्झाइम कमी भरतं, म्हणून ऐन वलगणीतले गाभोळीचे मासे यासाठी चांगला नमुना नाहीत. तुलनेला कारखान्यांच्या वरच्या अंगाचे, त्याच जातीचे आणि त्याच हंगामातले मासे हवेत. आणि मासा खायला चांगला की वाईट, हे ठरवायचं तर त्याच्या मांसातलं रसायनच मोजावं लागतं.

शिवाय यकृत काढल्यावर लगेच गोठवावं लागतं, नाहीतर एन्झाइम खराब होतं. त्यासाठी नदीकाठी लागतो द्रवरूप नायट्रोजनचा डबा. गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी गावोगाव नेतात, तसाच.