पुस्तकाची प्रत आणि पन्नास रुपयांचा दंड

1867 च्या पंचविसाव्या कायद्याने प्रस्तावनेतच आपले तीन हेतू सांगितले: छापखान्यांचे व वर्तमानपत्रांचे नियमन, हिंदुस्थानात छापलेल्या पुस्तकांच्या प्रतींचे जतन आणि त्यांची नोंदणी. सत्तावन्नच्या उठावानंतर दहा वर्षांनी झालेल्या या कायद्यात नियमनाला पहिले स्थान मिळावे, हे स्वाभाविक होते.

त्यातील कलमे क्रमाने वाचली की यंत्रणा उलगडते. कलम 9 ने सरकारकडे प्रत पोचवण्याची जबाबदारी मुद्रकावर टाकली. कलम 18 ने नोंदवहीचे रकाने ठरवले: पुस्तकाचे नाव, भाषा, लेखक, विषय, मुद्रणस्थळ, पृष्ठसंख्या, आवृत्ती, किती प्रती छापल्या, किंमत काय. कलम 19 नुसार दर तीन महिन्यांची नोंद राजपत्रात प्रसिद्ध होई. एकोणिसाव्या शतकातील एखादे मराठी पुस्तक किती छापले गेले आणि काय किमतीला विकले गेले, हे आज सांगता येते ते बरेचसे या रकान्यांमुळे. पाळत ठेवणाऱ्या सत्तेने नकळत भाषेचे दप्तर राखले.

स्वतंत्र भारताने 1954 च्या सत्ताविसाव्या कायद्याने प्रती थेट सार्वजनिक ग्रंथालयांकडे वळवल्या. कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे नाव कायद्यातच होते. उरलेली तीन ग्रंथालये केंद्राने अधिसूचनेने ठरवायची होती. मद्रासचे कॉनेमरा, मुंबईच्या टाउन हॉलमधले मध्यवर्ती ग्रंथालय आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी यांना ते स्थान मिळाले. आता जबाबदारी प्रकाशकावर आली: प्रकाशनापासून तीस दिवसांत, स्वखर्चाने. 1956 च्या दुरुस्तीने वर्तमानपत्रेही त्यात आली. 1958 पासून निघू लागलेल्या राष्ट्रीय ग्रंथसूचीला या प्रतींचाच आधार होता.

हेतू उदात्त होता, पण दंडाचे कलम पाहा. 1867 च्या कलम 16 मध्ये प्रत न देणाऱ्यास पन्नास रुपयांपर्यंत दंड आणि वर प्रतीची किंमत. 1954 मध्येही पन्नास रुपयांपर्यंत दंड आणि पुस्तकाची किंमत. मधल्या 87 वर्षांत रुपया कुठल्या कुठे घसरला. आकडा हलला नाही. शिवाय केंद्राने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याने तक्रार केल्याखेरीज न्यायालयाला दखल घेता येत नाही. नोंदवही ठेवण्याचे आणि ती राजपत्रात छापण्याचे कलम तर नव्या कायद्यात नव्हतेच. ते काम 1867 च्या कायद्यावर सोडलेले होते, असे दोन्ही मजकूर शेजारी ठेवून वाचताना दिसते.

म्हणून पुढची घटना महत्त्वाची ठरते. 2023 चा नियतकालिक नोंदणी कायदा 1 मार्च 2024 रोजी अमलात आला, 1867 चा कायदा रद्द झाला आणि नव्या कायद्याने पुस्तके आपल्या कक्षेबाहेर ठेवली. छापखान्यांवरचे वसाहती ओझे उतरले, हे चांगलेच झाले. पण नियमनाबरोबर नोंदणीही गेली आणि जतनाचा भार एकट्या 1954 च्या कायद्यावर आला. त्याची पुस्तकाची व्याख्या छापील वा शिळाछाप वस्तूंभोवती रचलेली. केवळ पडद्यावर प्रकाशित होणारे पुस्तक तिच्यात कसे बसवायचे?

लहान गावातल्या प्रकाशकाचे पुस्तक या चार ग्रंथालयांत पोचले नाही, तर ते राष्ट्रीय सूचीतूनही निसटण्याची भीती आहे. वसाहती सरकारने संशयापोटी जी हजेरी घेतली, ती लोकशाही सरकारने वाचकांसाठी घ्यायला हवी: प्रत्येक भाषेची खुली नोंदवही, प्रत पाठवण्याचा खर्च सरकारकडे आणि डिजिटल पुस्तकांना व्याख्येत जागा. हे तिन्ही बदल कायद्यातच लिहावे लागतील.