लिनक्स कर्नलमधील अनुरेखन-दोष
कर्नल चालू असताना त्यातील फंक्शनांची नोंद घेणारी स्टीव्हन रोस्टेड यांची एफट्रेस ही यंत्रणा २००८ मध्ये लिनक्सच्या २.६.२७ आवृत्तीत समाविष्ट झाली. वेग घटू नये म्हणून ती नोंदीच्या आज्ञांच्या जागी निष्क्रिय आज्ञा लिहीत असे. मात्र जागा टिपणे व लिहिणे यांत काही काळ जाई. तेवढ्यात मोड्यूलचा प्रारंभिक भाग मुक्त होऊन तेच पत्ते इंटेलच्या नेटवर्क कार्डाच्या स्थायी स्मृतीला मिळू शकत. कालक्रमावर अवलंबून असणाऱ्या अशा दोषास क्रमस्पर्धा म्हणतात. लिहिण्यापूर्वी जुना मजकूर पडताळला जाई, पण योजलेली यंत्राज्ञा तुलना न जुळली तरी लेखन करीतच असे. त्यामुळे काही कार्डे निकामी झाली. दोष एकीकडे व हानी दुसरीकडे असल्याने संशय प्रथम कार्डाच्या चालकावर, ई-१०००-ईवर, गेला. ऑक्टोबर २००८ मध्ये २.६.२७.१ आवृत्तीत ही सोय बंद करण्यात आली. २.६.२८ पासून जागांची यादी संकलनाच्या वेळीच सिद्ध होऊ लागली व मोड्यूलातील बदल, त्याची एकही आज्ञा चालण्यापूर्वी, उरकले जाऊ लागले.