काचघरातील काळे ठिपके

आमच्या युनियनच्या कचेरीत खिडकीपाशी क्रोटनची एक कुंडी आहे. तिला पिठ्या ढेकूण लागला, तेव्हा कुणीसे सांगितलेले जहाल औषध आम्ही दारे-खिडक्या बंद असतानाच फवारले. ढेकूण मेले, पण आमच्या वृद्ध हिशेबनिसांना चक्कर येऊन बाहेरच्या बाकावर निजवावे लागले. कामगारांच्या सुरक्षिततेवर उभा जन्म भाषणे करणाऱ्यांनी हे करावे! त्या लाजेपोटीच आम्ही या विषयाकडे वळलो.

उघड्यावरच्या झाडाची कीड पाऊस धुतो, काही तिचे शत्रू खातात. छपराखाली दोन्ही नाहीत. एकोणिसाव्या शतकात युरोपातील श्रीमंतांनी उष्ण देशांतील झाडे काचघरांत नेली, आणि झाडांबरोबर कीडही गेली, तिचे शत्रू मात्र मागे राहिले. काचघरातील पांढऱ्या माशीचे शास्त्रीय वर्णन वेस्टवुड यांनी इंग्लंडात 1856 साली केले. मग उपाय सुरू झाले. प्रथम तंबाखूचा धूर आणि साबणाचे पाणी, पुढे तर हायड्रोसायनिक आम्लाचा वायू. हा वायू माणसालाही मारतो. तो सोडून दाराबाहेर धावणाऱ्या गड्याला मजुरी काय मिळे, हे आम्ही वाचलेल्या ग्रंथांत नाही.

पण एका बागाईतदाराची नोंद आहे. 1926 साली हार्टफर्डशायरमधील एल्स्ट्री येथे टोमॅटो पिकवणाऱ्या एकाने पाहिले की, पानामागच्या पांढऱ्या माशीच्या पिलांपैकी काही काळी पडली आहेत. दुसऱ्या कुणी ती पुसून टाकली असती. याने ती तज्ज्ञांच्या नजरेस आणली. चेशंटच्या प्रयोगकेंद्रातील स्पायर यांना त्या काळ्या ठिपक्यांतून गांधीलमाशीच्या गोतातला, एक मिलिमीटरही न भरणारा कीटक निघालेला दिसला. एन्कार्सिया त्याचे नाव. तो माशीच्या पिलात अंडे घालतो, आणि त्याची अळी त्या पिलाला आतून खाते. काही वर्षांतच चेशंटहून दरसाल सुमारे 15 लाख कीटक 800 रोपवाटिकांना जाऊ लागले.

दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी आले आणि हे काम बंद पडले. बाटली उघडणे सोपे, कीटक सांभाळणे कठीण! पण औषधांना न जुमानणारा लाल कोळी काचघरांत माजला. 1958 साली चिलीहून जर्मनीत आलेल्या ऑर्किडवर त्याला खाणारा दुसरा कोळी योगायोगाने सापडला. हॉलंडमधील काकडीचे बागाईतदार यान कोपर्ट यांना फवाऱ्यांचा स्वतःलाच त्रास होऊ लागला होता. त्यांनी 1967 साली असे मित्रकीटक वापरण्यास आरंभ केला. पुढे एन्कार्सियाही परतला.

आमच्या एका कुंडीसाठी कोण कीटक पाठवणार? आता हिशेबनीस दर शनिवारी साबणाच्या पाण्यात कापसाचा बोळा भिजवून पाने पुसतात, खालची बाजू आधी. पुसण्यापूर्वी चष्मा लावून काळे ठिपके शोधतात. पिठ्या ढेकणावर एन्कार्सिया येत नाही, हे आम्ही दोनदा सांगून पाहिले. आम्हाला मात्र ते कुंडीला हात लावू देत नाहीत.