पैसे दोनदा कापले जाऊ नयेत म्हणून डेव्हलपरला काय यावं लागतं?

अ‍ॅपवर तिकीट काढताना ते अ‍ॅप इंटरनेटवरून दुसऱ्या सॉफ्टवेअरकडे पैशांची विनंती पाठवतं. अशी विनंती स्वीकारून उत्तर देणारी सोय म्हणजे वेब सर्व्हिस. ती बनवायला एचटीटीपी, जेसन आणि सुरक्षेचं ज्ञान लागतंच. पण खरी कसोटी लागते ती उत्तर न आल्यावर. पैसे कापले गेले आणि तेवढ्यात नेटवर्क गेलं, तर अ‍ॅप पुन्हा विनंती पाठवतं. माहिती मागणारी ‘गेट’ विनंती कितीही वेळा पाठवली तरी चालते. ‘पोस्ट’मुळे मात्र पैसे दोनदा कापले जाऊ शकतात. म्हणून डेव्हलपर प्रत्येक व्यवहाराला स्वतंत्र क्रमांक देतो. तोच क्रमांक पुन्हा आला, की सर्व्हर नवा व्यवहार न करता आधीचंच उत्तर पाठवतो.